पडद्यावर बँकेचाच क्रमांक दिसत असताना फोन खोटा आहे हे कसे ओळखावे?

उंबरठा (प्रश्न)

गेल्या आठवड्यात माझ्या वडिलांना आलेला एक फोन ५२ मिनिटे चालला. पलीकडच्या माणसाने आपण बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलत असल्याची बतावणी केली, वडिलांचे पूर्ण नाव व कार्डाचे शेवटचे चार अंक न विचारताच सांगितले, आणि खात्यातून पैसे काढण्याचा प्रयत्न याच क्षणी सुरू असून तो थांबवायचा असेल तर फोन न ठेवता आपण सांगू तसे करत जावे, असे बजावले. वडील हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले आहेत आणि न वाचता कशावरही सही करण्याची त्यांना सवय नाही. तरीसुद्धा मी घरी पोहोचले तेव्हा मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एक ॲप त्यांनी उतरवून घेतलेले होते आणि ते बँकेचे ॲप उघडण्याच्या बेतात होते. मी त्यांच्या हातातून मोबाइल घेऊन फोन बंद केला, तर ते माझ्यावरच चिडले. मिळत असलेली मदत मी मध्येच तोडली, असे त्यांना त्या वेळी मनापासून वाटत होते.

टेबलावर एका जुन्या पाकिटाच्या मागे त्यांनी आपल्या नेहमीच्या नीटस अक्षरात टिपण केले होते. त्यात तक्रार क्रमांक होता, त्या 'अधिकाऱ्या'चा ओळख क्रमांक होता, 'वरिष्ठांशी बोलणे, ११.४०' अशी नोंद होती आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित केलेले, 'फोन ठेवू नये' हे शब्द होते.

मला पडलेला प्रश्न असा आहे. अनोळखी फोन घेऊ नका आणि ओटीपी सांगू नका, हा नेहमीचा सल्ला आम्हाला ठाऊक होता आणि तो कुचकामी ठरला, कारण पडद्यावर बँकेचाच क्रमांक दिसत होता, आणि ओटीपी तर त्या माणसाने मागितलाच नाही. उलट 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असे त्यानेच वडिलांना दोनदा समजावले. त्यातच आईचे उपचार सुरू असल्यामुळे अनोळखी क्रमांकांवरून येणारे फोन आम्हाला घ्यावेच लागतात. अशा वेळी, फोन चालू असतानाच, नेमके कशावरून ओळखावे?

जुना_तारवाला

माझे आयुष्य दूरध्वनी केंद्रांत गेले, म्हणून क्रमांकापुरते सांगतो. पडद्यावर दिसणारा क्रमांक म्हणजे पत्राच्या पाकिटावर लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता आहे. पत्र टाकणाऱ्याने तो खरा लिहिला आहे की नाही, हे टपाल वाटणारा तपासत नाही. फोन जिथून निघतो ते जाळे 'हा अमुक क्रमांकाचा फोन' असा निरोप पुढे धाडते, आणि मधली जाळी तो निरोप जसाच्या तसा पोहोचवतात. ही व्यवस्था आखली गेली तेव्हा जाळी चालवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांचा एकमेकींवर विश्वास होता. इंटरनेटवरून फोन लावण्याची सोय आल्यावर फोन करणाऱ्यालाच त्या रकान्यात हवा तो क्रमांक भरणे शक्य झाले.

यावर उपाय शोधलेच गेले नाहीत असे नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये यासाठी कायदा झाला, आणि ३० जून २०२१ पासून तेथील मोठ्या कंपन्यांना आपल्या इंटरनेटवर चालणाऱ्या जाळ्यांत प्रत्येक फोनच्या क्रमांकाला डिजिटल सहीची जोड देणे बंधनकारक झाले. या पद्धतीला 'स्टर-शेकन' म्हणतात. मात्र जुन्या पद्धतीच्या जाळ्यातून फोन गेला की ती सही वाटेतच गळून पडते. शिवाय सही शाबूत पोहोचली तरी तिचा अर्थ 'क्रमांक खरा आहे' एवढाच होतो, 'माणूस खरा आहे' असा होत नाही. एखाद्या भामट्याने रीतसर घेतलेल्या क्रमांकावरून फोन केला, तर त्याचीही सही चोखच असणार.

लघुसंदेशांचे दुखणे याहून अवघड आहे. पाठवणाऱ्याचे नाव बनावट असले, तरी नाव तेच असल्यामुळे मोबाइल तो संदेश बँकेच्या जुन्या, खऱ्या संदेशांच्याच रांगेत नेऊन ठेवतो. वर तीन वर्षांचे अस्सल संदेश आणि खाली आजचा खोटा, असे दृश्य पाहून कोणाचाही विश्वास बसेल.

याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी सलग चार दिवस मला परक्या लोकांचे संतापलेले फोन येत होते. 'सकाळी तुम्हीच मला कर्जासाठी फोन केला होता,' असे प्रत्येक जण म्हणे. कोणीतरी माझा क्रमांक मुखवट्यासारखा वापरला होता, आणि मी खरे सांगत असूनही ते त्यांना पटवून देण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता. तेव्हा त्रास देणाऱ्या क्रमांकावर उलट फोन करून शिव्या घालण्याआधी थोडे थांबावे. त्या शिव्या बहुधा माझ्यासारख्याच कोणाला तरी बसतात.

एकदाच वाजून बंद होणाऱ्या परदेशी फोनचे कारण निराळे आहे. याला 'वांगिरी' असे जपानी नाव पडले आहे. 'वान' म्हणजे एक आणि 'गिरी' म्हणजे तोडणे. कुतूहलापोटी आपण उलट फोन लावतो, तो महागड्या दराच्या मार्गाने जातो आणि त्या दरातला वाटा फसवणाऱ्याला मिळतो. उत्तर अमेरिकेत तर ८०९ किंवा ८७६ ने सुरू होणारे क्रमांक देशातलेच वाटतात. प्रत्यक्षात पहिला डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा आहे आणि दुसरा जमैकाचा, पण त्यांचा आणि अमेरिकेचा देश-क्रमांक एकच, म्हणजे +१ आहे. ज्या क्रमांकाशी आपला संबंध नाही त्याला उलट फोन लावू नये. खरे काम असणारा माणूस पुन्हा फोन करतो किंवा निरोप ठेवतो.

शेवटचे एक पाहून घ्यावे. असे लोक कधी कधी 'तुमच्या फोनची दुरुस्ती करतो, हे अंक दाबा' असे सांगून *२१* ने सुरू होणारा एखादा संकेत दाबायला लावतात. तो दाबला की तुमचे सारे फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळतात, आणि मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच ऐकू जातो. *#२१# लावले की सरसकट वळवणूक चालू आहे का ते कळते आणि ##००२# लावले की सर्व प्रकारची वळवणूक रद्द होते. जीएसएम पद्धतीच्या मोबाइलसाठी ठरवून दिलेले हे संकेत आहेत. वडिलांच्या मोबाइलवर आजच पाहा.

खातेवही

मी एका बँकेच्या तक्रार कक्षात अनेक वर्षे काम केले. फसवल्या गेलेल्या माणसांचे म्हणणे टिपून घेणे, हेच माझे काम होते. त्यातून बनलेले माझे मत असे की, माणूस खरा की तोतया हे फोनवर ओळखण्याच्या भानगडीत पडूच नये. त्या खेळात तो तरबेज असतो आणि आपण नवखे. तो कोण आहे यापेक्षा तो आपल्याकडून काय करवून घेत आहे, एवढेच पाहावे.

तुमच्या वडिलांच्या पाकिटावरचे टिपण मला फार ओळखीचे वाटले. असे टिपण हा योगायोग नसतो. तक्रार क्रमांक, ओळख क्रमांक, वरिष्ठांचे नाव हे सारे मुद्दाम लिहून घ्यायला सांगतात. लिहिणाऱ्या हाताला विचार करायला उसंत मिळत नाही, आणि स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरलेली गोष्ट माणसाला अधिकृत वाटू लागते. चोख नोंदी ठेवणारी माणसे यात अधिक सहज सापडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि म्हणूनच 'इतका शिकलेला माणूस फसलाच कसा' या प्रश्नाला मी कधी किंमत दिली नाही. 'ओटीपी कोणाला सांगू नका' हा उपदेशही त्याच कसबाचा भाग आहे. पडदा दिसत असेल तर ओटीपी विचारण्याची गरजच उरत नाही. तो संदेश येताच पलीकडे वाचता येतो.

नाव आणि शेवटचे चार अंक त्याला कोठून मिळाले, याचे आश्चर्य मानू नये. अशी माहिती कोठून ना कोठून फुटलेली असते, आणि पावत्यांवर तर शेवटचे चार अंक सर्रास छापतात. ज्याला माझी माहिती आहे तो माझा बँकवाला, हे समीकरणच मोडीत काढायला हवे.

आता खूण. माझ्या नोंदींतील जवळपास प्रत्येक फसवणुकीत एक क्षण हमखास येई, आणि तो म्हणजे फोन ठेवण्याची मनाई. कारण वेगवेगळे सांगत. कोणाला 'पैसे जातील' म्हणून घाबरवले होते, कोणाला 'तपास गुप्त आहे, घरच्यांनाही सांगू नका' असे दटावले होते, कोणाला पोलिसांच्या वेशातील माणसाने चित्रफोनवर तासन्‌तास समोर बसवून ठेवले होते. खऱ्या बँकेला तुम्ही फोन ठेवल्याने काहीच अडत नाही. संशयास्पद व्यवहार थांबवायचा तर ती तुम्हाला न विचारता थांबवू शकते, आणि पैसे 'सुरक्षित खात्यात' हलवायला ती कधीच सांगत नाही, कारण तुमचे खाते तिच्याच ताब्यात असते. पोलीसही फोनवरून अटक करीत नाहीत आणि सुटकेचे पैसे मागत नाहीत.

म्हणून फोन ठेवावा. 'मी स्वतः फोन करतो' एवढे एकच वाक्य बोलावे, आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता ठेवावा. नंतर कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक स्वतः लावावा. त्याने सांगितलेला, संदेशात आलेला किंवा इंटरनेटवर शोधताना वर दिसलेला नव्हे, कारण शोधात वर दिसणारे क्रमांकही बनावट निघाले आहेत. घरात जुना तारेचा फोन असेल, तर हा दुसरा फोन मोबाइलवरून करावा. काही जुन्या केंद्रांत फोन करणाऱ्याने ठेवला नाही तर लाइन काही काळ तशीच उघडी राहते, आणि तुम्ही बँकेला लावलेला फोन पुन्हा त्याच्याच कानात जातो.

आवाजाबद्दलही थोडे लिहितो, कारण हल्ली त्याची धास्ती फार आहे. संगणकाने आवाजाची नक्कल करणे शक्य झाले आहे, यात शंका नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात फोन गेले, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अशा आवाजांच्या स्वयंचलित फोनना जुन्याच कायद्याखाली बेकायदा ठरवले. तरीही मला या तंत्रापेक्षा एका जुन्या युक्तीची आठवण अधिक येते. जपानमध्ये या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत वृद्धांना फोन येत आणि पलीकडून घाबरा आवाज एवढेच म्हणे, 'ओरे, ओरे', म्हणजे 'मी आहे, मी'. आजी विचारी, 'अमुक का रे?' आणि नाव तीच पुरवी. या फसवणुकीचे नावच 'ओरे-ओरे' पडले. तिथे आवाजाची नक्कल कोणी केलीच नव्हती. काळजीनेच आवाज ओळखीचा करून टाकला होता. नातवाच्या, मुलाच्या अपघाताचा किंवा अटकेचा फोन आला, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण फोन करणे, एवढाच उपाय तेव्हाही होता आणि आजही आहे.

एकटा_टाक

वरचे सारे योग्य आहे, पण इतके लक्षात ठेवण्यापेक्षा मी अनोळखी क्रमांकांची घंटाच बंद करून टाकली आहे. आयफोनमध्ये ही सोय २०१९ पासून आहे आणि इतर अनेक मोबाइलांतही मिळते. ज्याचे काम असते तो संदेश ठेवतो. क्रमांक एकेक करून रोखण्यात मात्र मी वेळ घालवत नाही, कारण उद्या ते नव्या क्रमांकावरून येतातच. फोन उचलल्यावर एकदोन क्षण शांतता आणि मग 'टक्' असा आवाज आला, तर यंत्राने एकाच वेळी अनेकांना फोन लावले असून मोकळा माणूस आपल्याशी जोडला जात आहे, असे समजावे. मी तेवढ्यातच ठेवून देतो.

जुना_तारवाला

एकटा_टाक, ज्यांच्या घरी उपचार सुरू आहेत त्यांना घंटा बंद करणे परवडणार नाही, हे प्रश्नातच लिहिलेले आहे. त्यांनी दवाखान्याचे व प्रयोगशाळेचे क्रमांक नावानिशी साठवून ठेवले तर निम्मा भार हलका होईल. फोन करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या ॲप्सवरही फार विसंबू नये. ती लोकांनी दिलेल्या नावांवर चालतात, अनेकदा आपली सारी संपर्क यादी मागतात, आणि त्या चार दिवसांनंतर त्यांतल्या एका ॲपने माझ्याच क्रमांकावर 'कर्ज फसवणूक' असा शिक्का मारून ठेवला होता.

उंबरठा

सर्वांची आभारी आहे. वळवणूक तपासली, ती चालू नव्हती. ते ॲप काढून टाकले, आणि बँकेच्या ॲपचा पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलला, कारण वडिलांच्या मोबाइलवर आणखी काही उरले असल्यास नवा पासवर्डही दिसला असता. बँकेला कळवले असून व्यवहार झालेला नाही.

खातेवही यांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. नोंदी ठेवणारी माणसे अधिक सापडतात, या वाक्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग ते पाकीट त्यांनी मागून घेतले. काल त्याच माणसाचा पुन्हा फोन आला. वडील म्हणाले, 'मी बँकेला स्वतः फोन करतो,' आणि ते ठेवण्याआधी त्यानेच फोन ठेवला.

खातेवही

आता तिसरा फोन येण्याची शक्यता ध्यानात ठेवा. तो बहुधा तपास अधिकारी म्हणून येईल, पहिल्या दोन फोनचे दिवस व वेळा बिनचूक सांगेल, आणि त्या भामट्याला पकडण्यासाठी वडिलांची मदत मागेल. ज्यांचे पैसे खरोखरच गेलेले असतात, त्यांना 'थोडे शुल्क भरा, गेलेली रक्कम परत मिळवून देतो' असे सांगतात. पहिल्या दोन फोनची इतकी अचूक माहिती दुसऱ्या कोणाकडे असणार, हे वडिलांना आधीच विचारून ठेवा.