अनुभव धागा : अपडेट आलं की लगेच टाकता, की स्टेबलवरच (तपासून स्थिर केलेल्या आवृत्तीवरच) राहता?

धागाकर्ता, आर्वी तालुका, वर्धा

आमच्या गावच्या वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर डेबियन १२, म्हणजे लिनक्सचा एक तयार संच (डिस्ट्रो). गावातल्या मुली तिथे मराठी टायपिंगचा सराव करतात, स्पर्धा परीक्षेवाले जुन्या प्रश्नपत्रिका उघडतात. ऑगस्ट २०२५मध्ये डेबियन १३ आलं, तेव्हापासून एक जण म्हणतो "अजून जुनंच चालवता?", दुसरा म्हणतो "चालतंय ना, मग हात लावू नका." एक मशीन ३२ बिटचं आहे. १३मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच राहिलेला नाही, त्यामुळे त्याचा प्रश्न मिटला. अडलंय ते दुसऱ्याचं. १२ला दीर्घकालीन सुरक्षा सुधारणा जून २०२८पर्यंत मिळणार आहेत, म्हणजे आज घाई नाही. पण घाई नाही म्हणता म्हणता माणूस मागे राहून जातो, हेही मी पाहिलंय.

यावर वाचलेले बहुतेक सल्ले शहरातले आहेत. लाइन जाणं आणि दिवसाचा दीड जीबी डेटा यांचा हिशेब त्यात नसतो. म्हणून आपल्याकडचे, विदर्भातल्या गावांतले अनुभव हवेत. काय चालवता, किती दिवसांनी अपडेट करता, कधी अडकलात आणि नंतर काय बदललंत? सविस्तर लिहा, घाई नाही.

सेतू केंद्र, राळेगाव तालुका, यवतमाळ

बोटाचा ठसा लागतो ती कामं माझ्याकडे विंडोजवर होतात. सातबारा काढणं, फॉर्म भरणं, पावत्या छापणं हे सगळं लिनक्सवर. आधी मी दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारं डिस्ट्रो वापरत होतो. त्या आवृत्तीला आधार, म्हणजे सुरक्षा सुधारणा, नऊच महिने. ऑक्टोबरात टाकलेली, तिचा आधार जुलैत संपला. जुलैचा शेवट म्हणजे आमच्याकडे पीक विम्याची गर्दी. मशीन चालू केलं की 'आधार संपला'चा निरोप यायचा, त्याची धास्ती बसली आणि ऐन गर्दीत एका रात्री मी नवी आवृत्ती चढवली.

सकाळी मशीन नीट सुरू झालं. प्रिंटरचा हिरवा दिवा लागला, पण कागद ओढेना. माझ्या लेझर प्रिंटरला ड्रायव्हरसोबत कंपनीचं एक प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, आणि ते ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावं लागतं. ड्रायव्हर पुढे गेला, प्लगइन मागे राहिलं. हे कळायला अकरा वाजले. तोवर बाकावर सात-आठ माणसं आणि दाराबाहेर रांग. एक आजी पहिल्या एसटीने आलेल्या, सातबारा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेला. त्या दर पाच मिनिटांनी उठायच्या, प्रिंटरच्या तोंडाशी वाकून पाहायच्या आणि विचारायच्या, "बाबू, कागद निघूनच नाई रायला का?" नेट मधेमधे तुटत होतं, प्लगइन उतरायला दीड वाजला. आजींची पावती निघाली, पण परतीची एसटी गेली होती. मी त्यांना मोटारसायकलवर गावात नेऊन सोडलं.

त्यानंतर पाच वर्षं आधार असलेली एलटीएस आवृत्ती घेतली. प्रिंटरच्या ड्रायव्हरचं पॅकेज 'एप्ट-मार्क होल्ड' ही आज्ञा देऊन गोठवून ठेवलं, म्हणजे ते अपडेटच होत नाही. जून ते ऑगस्ट फक्त सुरक्षेच्या सुधारणा घेतो. आवृत्ती बदलायची तर होळीनंतर, काम ढिलं असतं तेव्हा.

जिल्हा परिषद शिक्षक, धारणी तालुका, मेळघाट

शाळेत दहा मशीन, सगळ्यांवर लिनक्स मिंट. मिंट उबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या एलटीएसवर उभं आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं पडदा तोच राहतो. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा गुण.

आमच्या मुलांची घरची भाषा कोरकू. मराठी ती शाळेत येऊन शिकतात, इंग्रजी त्याच्याही नंतर. दुसरी-तिसरीतलं मूल मेनूतला शब्द वाचत नाही, ते जागा लक्षात ठेवतं. खालच्या पट्टीत डावीकडचं पहिलं चित्र दाबायचं, मग वरून तिसरं. त्या पहिल्या चित्राला आमची मुलं 'घर' म्हणतात. एकदा मदतीला आलेल्या एका तरुणाने चांगल्या मनाने एका मशीनवर अगदी नवा डेस्कटॉप टाकून दिला. पट्टी खालून वर गेली, आणि माऊस वर नेल्याशिवाय ती दिसेनाही. दुसऱ्या दिवशी तिसरीतली एक मुलगी पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात माऊस फिरवत बसली होती. बऱ्याच वेळाने माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "सर, घर हरवलं." तिने दोन महिने खपून कमावलेलं ज्ञान एका रात्रीत गेलं होतं. मी त्याच दिवशी जुना डेस्कटॉप परत आणला.

आणखी एक गोष्ट, बाकीच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट. दहा मशीननी तेच अपडेट दहा वेळा उतरवणं परवडत नाही. एका मशीनवर 'एप्ट-कॅशर-एनजी' बसवलं. पहिलं मशीन पॅकेज उतरवतं, त्याची प्रत तिथे राहते, बाकीची नऊ शाळेतल्या शाळेतच ती उचलतात. अपडेट महिन्यातून एकदा, शनिवारी, मुलं गेल्यावर. आधी टाइमशिफ्टने सिस्टिमच्या आत्ताच्या स्थितीची नोंद घेऊन ठेवतो, बिघडलं तर तिथे परतता येतं.

कृषी केंद्र, मंगरुळपीर तालुका, वाशिम

उबंटू २२.०४, एप्रिल २०२७पर्यंत आधार. बिलं आणि स्टॉक, दुसरं काही नाही. एकच सांगतो: स्नॅपची पॅकेजं (उबंटूतली वेगळ्या पद्धतीची पॅकेजं) दिवसातून चार वेळा नवीन काही आहे का ते आपोआप बघतात. फोनच्या डेटावर असाल तर 'स्नॅप रिफ्रेश'ला होल्ड लावा आणि दुकान बंद करताना स्वतः करा.

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, गाव पुसद तालुक्यात, राहायला अमरावतीत

माझा अनुभव थोडा वेगळा. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा स्टेबल डिस्ट्रोवर वाय-फाय दिसत नव्हतं आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त होत नव्हता. हार्डवेअर त्या कर्नलपेक्षा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापेक्षा, नवं होतं. रोलिंग डिस्ट्रो (ज्यात नवं ते सतत येत राहतं) टाकलं, सगळं पहिल्या फटक्यात चाललं. दीड वर्ष तेच आहे. हॉस्टेलला वाय-फाय असतं, दोन-तीन दिवसांनी अपडेट करतो, अडचण आली नाही. म्हणून रोलिंग म्हणजे मोडणारच, हे मला पटत नाही.

पण मी पेरणीला गावी गेलो. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, दीड महिना लॅपटॉप पेटीतच. परत उघडला तेव्हा अडीच जीबीचं अपडेट तुंबलेलं. पॅकेज तपासायच्या सह्यांच्या किल्ल्याच जुन्या झालेल्या, त्यामुळे एकही पॅकेज खरं मानायला मशीन तयार नाही. किल्ल्यांचं पॅकेज आधी एकट्याने अपडेट केलं आणि मग बाकीचं सुरू केलं. कर्नल बसत असताना लाइन गेली. माझी बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. लॅपटॉप बंद पडला, परत चालू केला तर काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी. मित्राच्या मशीनवर पेन ड्राइव्ह तयार केला, त्यावरून बूट करून आतल्या सिस्टिममध्ये शिरलो आणि कर्नल पुन्हा बसवला. पहाटेचे तीन वाजले.

रोलिंग रोज चालत राहायला हवं, ते अंगणात उभं करून ठेवता येत नाही. आमच्या घरी वर्षातले तीन महिने शेतीचे असतात. बाबांसाठी जुनं मशीन घरी ठेवलंय, त्यावर मी स्वतः डेबियन टाकलं.

सर्व्हर सांभाळते, आता वरुड तालुक्यातून

पुण्यातली नोकरी घरून करते. स्टेबल म्हणजे जुनं आणि म्हणून असुरक्षित, हा समज मला इथे खोडायचा आहे.

१ जुलै २०२४ला ओपन-एसएसएच या दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या प्रोग्राममधलं एक गंभीर छिद्र जाहीर झालं. दूर बसलेला माणूस पासवर्डाशिवाय सर्व्हरचा ताबा मिळवू शकेल असं. डेबियन १२मध्ये ओपन-एसएसएचची ९.२ आवृत्ती होती. डेबियनने आवृत्ती बदलली नाही. तेवढी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बसवून त्याच दिवशी दिली. आकडा ९.२च राहिला, शेपटीला फक्त 'डेब१२यू३' लागलं. आवृत्तीचा आकडा पाहून घाबरणारे हीच शेपटी पाहत नाहीत.

उलट बाजूचंही उदाहरण त्याच वर्षातलं. २९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजमध्ये मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा उघडकीला आणला. लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. तो दरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत होता. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून तपासणीत असलेल्या शाखांपर्यंत तो पोचला, स्टेबलमध्ये आला नाही. जे सगळ्यांत आधी धावले त्यांच्याच दारात तो आधी आला.

मात्र आधार संपलेली आवृत्ती चालवणं याला मी स्टेबल म्हणत नाही. सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ला संपला. एका ग्राहकाला मी वर्षभर आधीपासून सांगत होते, त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी वर सांगितलेलं छिद्र जाहीर झालं. ७वरचं ओपन-एसएसएच इतकं जुनं होतं की त्याला ते लागू नव्हतं, पण पुढच्या छिद्राला दुरुस्ती येणार नव्हती. तो दिवस मी फार अस्वस्थ होते.

सेतूवाले दादा, एक विचारू? तुमच्या प्रिंटरच्या पॅकेजवरचा होल्ड अजून तसाच आहे का? होल्ड लावलेल्या पॅकेजला सुरक्षेची दुरुस्तीही येत नाही. एलटीएसवर ड्रायव्हरची मूळ आवृत्ती सहसा पुढे जातच नाही, दुरुस्ती आली तरी प्लगइनशी जुळणारा आकडा बहुधा तोच राहतो.

एटापल्ली तालुका, गडचिरोली

आमच्याकडे रेंज टेकडीवर गेल्यावर. 'एप्ट-ऑफलाइन' वापरतो. मशीन काय काय हवंय त्याची एक फाइल बनवून देतं, ती पेन ड्राइव्हवर घेऊन बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातो, तिथल्या नेटवर पॅकेजं उतरवतो आणि घरी येऊन बसवतो. दोन महिन्यांतून एक फेरी. डेबियन स्टेबलवर हे जमतं, कारण एका फेरीत आणायचं ओझं थोडं असतं.

सेतू केंद्र, राळेगाव तालुका

ताई, आत्ता पाहिलं. होल्ड तसाच होता, दोन वर्षांपासून. लावला तो विसरूनच गेलो. आज रविवार, केंद्र बंद, म्हणून शटर अर्धं ओढून बसलो. आधी प्लगइनची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, मग होल्ड काढला आणि अपडेट चालवलं. प्रिंटरच्या पॅकेजची एक दुरुस्ती तुंबलेली होती, ती बसली. आवृत्तीचा आकडा तोच राहिला. चाचणीचं पान पाठवलं आणि त्या आजींसारखाच वाकून पाहत बसलो. पान निघालं.