मदत हवी आहे: मुलीला बॅलेतच करिअर करायचंय. पूर्णवेळ शाळा की कंपनीची ट्रेनी जागा?

मुलीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी आता सोळाची होईल. लहानपणापासून बॅले शिकतेय, रॉयल ॲकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा देत ॲडव्हान्स्ड फाउंडेशनपर्यंत आली आहे. व्यावसायिक नर्तकीच व्हायचं हा हट्ट काही केल्या कमी होत नाहीये, त्यामुळे 'होईल शांत' ही आमची आशा केव्हाच मावळली.

सध्या दोन जागा हातात आहेत. एक पूर्णवेळ बॅले शाळा, तीन वर्षांची. दुसरी एका मध्यम आकाराच्या कंपनीचा ट्रेनी कार्यक्रम, एक वर्षाचा. फी आपणच भरायची, पण कंपनीच्या मोठ्या प्रयोगांत मागच्या रांगेत नाचायला मिळेल. मुलीला अर्थातच दुसरी हवी आहे, कारण तिथे 'कंपनी' हा शब्द आहे. तिच्या बाई म्हणतात, दोन्ही सोडा, आधी प्री द लोझानसाठी (स्वित्झर्लंडमधली तरुण नर्तकांची बॅले स्पर्धा) अर्ज करा.

शंका अशा: सोळा म्हणजे उशीर झालाय का? पॉइंटवर (पायाच्या बोटांच्या टोकांवर) उभी राहिली की उजवा घोटा मागच्या बाजूने दुखतो आणि टर्नआउटही (पाय खुब्यापासून बाहेर वळणं) कमी आहे, हे कितपत आड येईल? आणि बाकीच्या शिक्षणाचं काय?

'स्वप्नाच्या आड येऊ नका' आणि 'आधी डिग्री घ्या म्हणावं' हे दोन्ही सल्ले घरात भरपूर मिळतात, ते वगळून लिहा प्लीज.

मागची_रांग

मी कोर द बॅलेमध्ये (कंपनीतला एकत्र नाचणारा समूह) बरीच वर्षं नाचले, म्हणून लिहितेय.

उशीर झालेला नाही. लोझानची स्पर्धाच १५ ते १८ वयासाठी आहे, आणि बहुतेक कंपन्या पहिला करार सतरा ते वीसच्या दरम्यान देतात. प्रसिद्ध नर्तक नुरेयेव्ह लेनिनग्राडच्या बॅले शाळेत दाखल झाला तेव्हा सतरा वर्षांचा होता. मिस्टी कोपलँडने बॅलेला सुरुवातच तेराव्या वर्षी केली आणि २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल (सर्वोच्च दर्जाची नर्तकी) झाली. ही नावं सगळे सांगतात कारण ती अपवाद आहेत, तेव्हा त्यांच्यावर हिशेब मांडू नका. पण पुढची तीन वर्षं ती कुठे आणि कोणाच्या हाताखाली घालवते, यावर फार काही ठरणार आहे.

आता ट्रेनीबद्दल. कंपनीच्या पायऱ्या साधारण अशा असतात: ट्रेनी, मग सेकंड कंपनी, मग अप्रेंटिस, मग कोर, त्यापुढे सोलोइस्ट आणि प्रिन्सिपल. नावं जागोजागी बदलतात, म्हणून नावाकडे बघू नका. पैसे कोण कोणाला देतंय ते बघा. अप्रेंटिसला सहसा पगार असतो. ट्रेनीला बऱ्याच ठिकाणी नसतो, उलट फी असते. अमेरिकेत तर कित्येक कंपन्यांचं वर्षाचं गणित 'नटक्रॅकर' या नाताळातल्या बॅलेच्या तिकिटांवर उभं असतं, आणि त्यातल्या बर्फाच्या आणि फुलांच्या प्रवेशांना मुली पुष्कळ लागतात. त्या जागा फी भरणाऱ्या ट्रेनींनी भरल्या की कंपनीचं भागतं. हे वाईटच असतं असं नाही, पण तुम्ही नक्की काय विकत घेताय ते कळायला हवं.

त्यांना थेट विचारा. गेल्या तीन वर्षांत किती ट्रेनी घेतले आणि त्यातल्या किती जणींना याच कंपनीत करार मिळाला? रोजचा क्लास कोण घेतं? पा द द (जोडीचं नृत्य) आणि व्हेरिएशन (एकटीचं नृत्य) शिकवतात की फक्त तालमीत मागे उभं करतात? दुखापत झाली तर फिजिओ कोणाच्या खर्चाने? पॉइंट शूज कोण देतं? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो जोडा म्हणजे मुळात कागद, कापड आणि गोंद. जड प्रयोगात एका रात्रीत एक जोडी मरते. करारावरच्या नर्तकींना कंपनी शूज पुरवते, ट्रेनींना पुष्कळदा स्वतः घ्यावे लागतात.

शाळेलाही असंच विचारा: मागच्या दोन-तीन बॅचमधल्या मुली आज कुठे आहेत, कंपनीचं नाव आणि हुद्दा सांगा. 'आमचे विद्यार्थी जगभर नाचतात' हे उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

माझं मत विचाराल तर सोळाव्या वर्षी शाळा. ट्रेनी अठराव्या वर्षीही होता येतं.

घोटाळा

घोट्याचा विषय निघालाय तर आयडीला जागलं पाहिजे. फिजिओ आहे, नर्तक बघते.

पॉइंटवर घोट्याच्या मागे दुखणं बॅलेत नेहमीचं आहे, पण 'नेहमीचं' म्हणजे 'चालतंय' नव्हे. पाय पूर्ण ताणला की घोट्याच्या मागे जागा कमी उरते आणि तिथलं काहीतरी चिमटतं. काही जणांना तिथे एक छोटं जास्तीचं हाड असतं, ते त्रास देतं. काहींचा अंगठा वाकवणारा स्नायूबंध सुजतो. कोणतं आहे ते इथे बसून सांगता येणार नाही. नर्तक तपासण्याची सवय असलेल्या ऑर्थोपेडिककडे जा, आणि कुठल्याही जागेला होकार देण्याआधी जा. दुखतं पाऊल घेऊन नवीन ठिकाणी गेलेली मुलगी पहिले महिने ते लपवण्यात घालवते.

टर्नआउट किती असणार हे बरंचसं खुब्याच्या सांध्याच्या घडणीवर ठरतं. ताकद वाढवून आहे तेवढा पूर्ण वापरता येतो, हाड बदलत नाही. पावलं जमिनीवर घट्ट रोवून उरलेला कोन गुडघ्यातून काढला की गुडघा आणि घोटा दोन्ही किंमत मोजतात. तिचा घोटा यामुळेच दुखत असू शकतो, तेही तपासून घ्या. काही शाळा कमी टर्नआउटवर मुलींना नाकारतात हे खरं आहे. आणि वेंडी व्हेलन किशोरवयात पाठीच्या बाकामुळे ब्रेस लावत होती आणि नंतर न्यूयॉर्क सिटी बॅलेत १९८४ ते २०१४ नाचली, हेही खरं आहे.

न विचारलेली गोष्ट सांगते. पाळी नियमित आहे का? सलग तीन महिने चुकली तर डॉक्टरकडे न्या, मग बाई वजनाचं कितीही कौतुक करत असोत. खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा खाणं कमी पडलं की संप्रेरकं, हाडं, मनःस्थिती सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस हे नाव दिलं. हाडांची भर मुख्यतः याच वयात पडते, आणि पावलाच्या हाडांना तडे जाणाऱ्या मुलींमध्ये मला हे कारण वारंवार दिसतं.

शंकेखोर

मागची_रांग, बहुतेक सगळं पटलं, पण शाळेच्या यादीवर एवढा विश्वास नको. नामांकित शाळा आत घेतानाच चाळून घेतात आणि मग दर वर्षी मूल्यांकन करून काही मुलांना घरी पाठवतात. शेवटी उरलेल्या आठ जणांपैकी सात जणांना नोकरी लागली की ते यश शाळेच्या नावावर जमा. विचारायचं ते असं: पहिल्या वर्षी किती होते, शेवटच्या वर्षापर्यंत किती पोहोचले? मधेच बाहेर पडावं लागलं तर किती आधी कळवता? माझ्या मुलाला वर्ष संपताना कळलं, तोवर इतर शाळांच्या ऑडिशन होऊन गेल्या होत्या.

आणि मागच्या रांगेला कमी लेखू नका. रांग धरणं, शेजारणीच्या खांद्याच्या रेषेत राहणं, कोणी आजारी पडलं की दुपारी शिकून रात्री उभं राहणं, हे शाळेत कमीच शिकायला मिळतं, आणि कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

मागची_रांग

रांगेला कमी कोण लेखतंय, आयडी बघा माझा :) बाकी मुद्दा मान्य, किती गळतात हे विचारायलाच हवं.

जाता_येता

लोझानबद्दल थोडं. १९७३ पासून चालू आहे. आधी व्हिडिओवर निवड होते, मग निवडलेल्यांना तिथे बोलावतात. क्लासिकल आणि कंटेम्पररी, दोन्ही व्हेरिएशन ठरलेल्या याद्यांतून निवडायची, आणि परीक्षक फक्त स्टेजवरचं नाही, क्लासमधलं कामही बघतात. बक्षीस म्हणजे भागीदार शाळेत किंवा कंपनीत जागा आणि शिष्यवृत्ती. अंतिम फेरीत न पोहोचलेल्यांनाही शाळांचे आणि कंपन्यांचे लोक बघतात, त्यामुळे जाणं वाया जात नाही. पण घोटा दुखत असताना या वर्षी नको. अठरापर्यंत वेळ आहे.

मुलीची_आई

सगळ्यांचे आभार. मागची_रांग यांचे प्रश्न ट्रेनीवाल्यांना जसेच्या तसे पाठवले. किती जणींना करार मिळाला यावर 'दर वर्षी परिस्थिती वेगळी असते' असं उत्तर आलं. शूज स्वतःचे. शाळेने मात्र मागच्या बॅचची यादी दिली, गळतीचा आकडाही दिला (तीन वर्षांत जवळपास तिसरा हिस्सा, वाचून पोटात गोळा आला). ऑर्थोपेडिकची वेळ घेतली आहे. पाळीचं विचारलं, ठीक आहे.

मुलगी अजून रुसलेली आहे. शिक्षणाबद्दल कोणी काही सांगाल का?

शंकेखोर

शाळा शालेय अभ्यास वेळापत्रकात धरते का ते बघा. धरत नसेल तर दूरस्थ पद्धतीने बारावीपर्यंतचं पूर्ण होईल एवढी तजवीज नक्की ठेवा. याचा नाचाशी थेट संबंध आहे, कारण करार दर वर्षी नूतनीकरणाला येतात आणि अमेरिकेत कित्येक करार पूर्ण ५२ आठवड्यांचे नसतात. मधल्या काळात काहीतरी करता यायला हवं. पॅरिस ऑपेरासारखी ४२ व्या वर्षी निवृत्ती आणि पेन्शन फार कमी ठिकाणी मिळते. नाचता नाचता डिग्री करणारे पुष्कळ आहेत, पण शाळाच अर्धवट राहिली असेल तर ते अवघड जातं.

मागची_रांग

आणि ट्रेनीवाल्यांना सरळ नकार कळवू नका. 'आत्ता शाळा निवडतोय, शेवटच्या वर्षात पुन्हा ऑडिशन द्यायला आवडेल' अशी दोन ओळींची मेल मुलीच्या नावाने जाऊ दे, आणि ती तिलाच लिहू द्या. कंपन्यांच्या ऑडिशन बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये असतात. त्यांनी तिला एकदा पाहिलंय, तेव्हा शेवटच्या वर्षी डिसेंबरपर्यंत ताजा व्हिडिओ आणि 'पहिला आराबेस्क' या मुद्रेचा (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणलेला) फोटो त्याच मेलखाली पाठवा.