मदत हवी आहे: डाइंग हाऊसमध्ये पाणी वाचवलं की कार्बन वाढतो, मार्ग काय?

नमस्कार मंडळी,

सोलापूरला एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोबत सूत रंगवायचं छोटं डाइंग हाऊस. बाबा आणि काका धंदा बघतात. हिशेब, प्रदूषण मंडळाचा कन्सेंट आणि खरेदीदारांचे कागद माझ्याकडे असतात.

आमच्या एका मोठ्या खरेदीदाराने एक्सेलचा फॉर्म पाठवलाय. एका पानावर पाणी, दुसऱ्यावर कार्बन, आणि शेवटी प्रश्न: पुढच्या तीन वर्षांत दोन्ही किती टक्क्यांनी कमी कराल? ते का विचारतात हे कळतं. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केलाय, आणि त्यांचं बरंचसं पाणी आणि धूर आमच्यासारख्या पुरवठादारांच्या आवारातच असतो. फॉर्म मी भरीन. पण त्यात लिहिलेलं कारखान्यात खरंच उतरावं अशी माझी इच्छा आहे, आणि अडलंय तिथेच.

रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ लागतं, आणि सुताला न चिकटलेला रंग काढायला धुण्यामागून धुणी द्यावी लागतात. गार पाणी, अॅसिडचं पाणी, उकळतं सोपिंग (साबणाच्या पाण्यातलं धुणं), परत गार पाणी. नेव्ही ब्लू किंवा मरून असला की आमचे मास्टर दर धुण्याला स्टीलच्या पेल्यात पाणी काढतात, पांढऱ्या फरशीवर थोडं ओततात, मान हलवतात आणि 'अजून एक' म्हणतात. फिकट शेडला हा प्रकार फारसा होत नाही. पण आमच्या दरपत्रकात दोन्ही शेडमधला फरक फक्त रंगाच्या किमतीचा आहे. पाणी, वाफ आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) खर्च सगळ्या किलोंवर सारखा वाटलेला.

कन्सल्टंट म्हणतात झेडएलडी (झिरो लिक्विड डिस्चार्ज) करा, सांडपाण्याचा थेंब बाहेर जाणार नाही. पण सांडपाणी आरओने गाळल्यावर उरलेलं खारं पाणी आटवायला इव्हॅपरेटर लागतो, त्याला वाफ, आणि वाफेला बॉयलर. म्हणजे पाण्याच्या पानावर शाबासकी आणि कार्बनच्या पानावर वाढ. तिरुपूरमध्ये २०११ साली हायकोर्टाच्या आदेशाने डाइंग युनिटं बंद झाली आणि सगळ्यांना एकदम झेडएलडीकडे वळावं लागलं. आपल्यावर तशी वेळ येण्याआधी विचार करायचाय.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं इथल्या पाण्याबद्दल. आमच्याकडे पाऊस बेताचाच, सगळी भिस्त उजनी धरणावर, आणि उजनी भरतं ते पुण्याकडच्या पावसावर. २०२३ला धरण पूर्ण भरलं नाही, २०२४च्या उन्हाळ्यात मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. (उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे, म्हणून मायनसमध्येही पाणी दिसतं आणि बाहेरच्या माणसाला टंचाई खरी वाटत नाही.) शहराला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी भीमेतून सोडलेलं पाणी शहरापर्यंत येताना वाटेत किती मुरतं आणि उपसलं जातं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. गावात चार-पाच दिवसांआड नळ येत असताना आपण मरून रंग धूत बसलोय, हे मला खरंच खुपतं.

माझे प्रश्न:

शेडप्रमाणे पाणी आणि वाफ मोजून दर लावणारं कुणी आहे का? बाबा म्हणतात, वेगळे पैसे मागितले तर ऑर्डर शेजारी जाईल.

गडद शेडच्या ऑर्डरी होळीच्या आत उरकायच्या आणि एप्रिल-मेमध्ये फक्त फिकट घ्यायच्या, असं खरेदीदाराशी ठरवता येतं का?

टँकरचं पाणी फॉर्ममध्ये कुठे दाखवायचं? आणि बॉयलरमध्ये बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ब्रिकेट जाळतो, त्यांचा कार्बन धरायचा का?

प्रतिसाद

ताई, शेवटच्यापासून सुरू करतो. टँकर 'त्रयस्थाकडून घेतलेलं पाणी' यात जाईल. पण तो कुठल्या बोअरवर भरतो हे टिपून ठेवा, कारण खरी जोखीम तिथे आहे. ब्रिकेटमधला कार्बन डायऑक्साइड जीएचजी प्रोटोकॉल या कार्बन मोजायच्या नियमावलीप्रमाणे स्कोपच्या (उत्सर्जनाच्या गटांच्या) बाहेर वेगळा दाखवतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्ये, म्हणजे स्वतःच्या आवारातल्या उत्सर्जनात, धरायचे. ग्रिडची विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

झेडएलडीच्या आधी कंडेन्सेटकडे, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याकडे, बघा. सोपिंगच्या कॉइलमधून निघणारं गरम पाणी गटारात जातंय का? ते फीड टँकला परत आणलं तर पाणी वाचतं आणि इंधनही. फीडवॉटरचं तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधन साधारण १ टक्का वाचतं, हा बॉयलरवाल्यांचा जुना हिशेब आहे. तुमच्या दोन्ही पानांवर एकाच दिशेने आकडा हलवणारी कामं आधी करायची. शेवटचं धुणं तसं स्वच्छ असतं, ते टाकीत धरून पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरा. कमी मिठाचे रंगही मागवून बघा, कारण मीठ कमी तर आटवायचं खारं पाणीही कमी. इव्हॅपरेटर घ्यायचाच झाला तर सिंगल इफेक्ट (वाफ एकदाच वापरणारा) घेऊ नका. त्यात लिटरभर पाणी आटवायला जवळपास किलोभर वाफ जाते, तीन इफेक्टमध्ये तीच उष्णता तीनदा वापरल्याने तिच्या एक तृतीयांशाच्या थोडी वर.

दराबद्दल: आकडा रुपयाच्या उलाढालीवर मागितला असेल तरी किलोवरही द्या. सुताचा भाव चढला की उलाढाल फुगते आणि पाणी न वाचवताच वाचल्यासारखं दिसतं. प्रत्येक मशीनला मीटर लावा, महिनाभर शेडवार नोंद ठेवा आणि तोच कागद खरेदीदारापुढे टाका. कपात त्यांना हवी आहे, तर शेडकार्डातला गडद रंग कमी करणं किंवा त्याचा दर देणं हा त्यांच्याही निर्णयाचा भाग आहे.

मूळ लेखिका

खूप आभार. कंडेन्सेट खरंच गटारात जातंय, आजच मास्टरांबरोबर लाइन बघितली. मीटर आधी सोपिंगच्या मशीनला लावते. कंडेन्सेट परत आणायला पंप लागेल की स्टीम ट्रॅपच्या (वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) दाबावर भागेल? बॉयलर वीसेक मीटर लांब आहे आणि फीड टँक उंचावर.