भुसावळच्या भंगारातली जेंट्सची डायल: लोलक नाही, चावी नाही

वरणगावकर:
राम राम मंडळी. भुसावळच्या भंगार बाजारात भिंतीवरच्या घड्याळाची जुनी डायल मिळाली, वर ‘जेंट्स, लेस्टर’ (इंग्लंडची जुनी घड्याळ कंपनी). मागे दोन टर्मिनल, कॉइल आणि बारीक दात्यांचं चाक, बाकी काही नाही. ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की खट्ट होतं, काटा जागचा हलत नाही. बॅटरी काढली की मात्र अर्धा मिनिट पुढे! उलटं का? आणि घरी चालवायची कशी?

धुळेकर:
उलटं नाही, बरोबर चाललंय. हे दुय्यम घड्याळ आहे. जेंट्सच्या पल-सिन-एटिक पद्धतीत लोलकाचं एक मुख्य घड्याळ दर ३० सेकंदांनी विजेचा झटका पाठवायचं, सगळ्या डायली एकाच सर्किटात सिरीजमध्ये. झटक्याने कॉइल पट्टी ओढते, खटका एक दाता मागे जातो. वीज तुटली की स्प्रिंग चाक पुढे ढकलते. दाते मोजा, १२० भरतील.

व्होल्टच्या मागे लागू नका, करंट बघा: जेंट्सला २२० मिलिअँपिअर. होप-जोन्स या इंग्रज घड्याळतज्ज्ञाच्या सिन्क्रोनोम कंपनीची डायल असती तर ३३० च्या आसपास.

तापीकाठ:
आधी कॉइलचा रोध मोजा. समजा ५ ओहम भरला. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर २२० मिलिअँपिअरसाठी एकूण २३ ओहम लागतात, म्हणून सिरीजमध्ये १८ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर. दर ३० सेकंदांनी झटका द्यायला अर्दुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), करंट चालू-बंद करायला आयआरएलझेड४४एन मॉस्फेट, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. झटका पाव ते अर्धा सेकंद. वेळ नॅनोच्या भरवशावर सोडू नका, डीएस३२३१ हे अचूक वेळ राखणारं मॉड्यूल घ्या. वर्षाकाठी फरक मिनिटभराचा. १२ व्होल्टचा अडॅप्टर थेट जोडून ठेवायचा मोह नको, शंभर वर्षांचं इन्सुलेशन भाजून निघेल.

वरणगावकर:
दाते १२०च. पण मधूनच काटा एकदम दोन दाते उडतो.

धुळेकर:
मग चाक थांबवणारा अडथळा झिजलाय किंवा वाकलाय. खटका पुढे आल्यावर त्याची पाठ अडथळ्याला टेकली पाहिजे, फट दिसता कामा नये. करंट कमी करून हे सुटणार नाही, कारण धक्का स्प्रिंगचा आहे. याउलट काटा अडकून राहत असेल तर पट्टी आणि कॉइलच्या लोखंडी गाभ्यामधला पितळी खिळा तपासा. तो झिजला की लोखंडाला लोखंड चिकटतं.

तेल फक्त पिव्हटना (चाकांच्या आसांच्या टोकांना), सुईच्या टोकाएवढं. दाते कोरडेच ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात तेल पसरतं आणि सगळी धूळ धरून बसतं.