मदत हवी आहे : फ्रान्समधल्या अल्सासची द्राक्षबाग बघायला कधी जावं?

नमस्कार मंडळी. आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. लेक स्ट्रासबर्गला शिकते, म्हणून तिकडे जाणं होतंय. कोलमारच्या आसपासची एखादी घरगुती वायनरी बघायची आहे. चव घेऊन फोटो काढण्यापुरती नाही, बागेतलं काम बघायला. आपल्याकडे एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी छाटणी. तिथे मुख्य छाटणी एकच, हिवाळ्यात. एप्रिलात डोळे फुटले की त्यांना हिमदवाची धास्ती (आम्हाला अवकाळीची!). तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, क्रेमाँची (तिथली फेसाळ वाइन) द्राक्षं तर हातानेच खुडतात. पण त्या धांदलीत घरच्यांना बोलायला फुरसत असते का? की जूनमध्ये, फुलोऱ्याच्या वेळी, जावं? पत्र आधी पाठवावं लागतं का? फ्रेंच आमचं शून्य, लेकीचं जेमतेम. कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.