चर्चमागची ती खोली: तुमच्याकडे कोणती होती? (नागपूरकर आधी, बाकीचेही या)

सदरचा पोट्टा: काल सदरमधून गाडीवर जात होतो, एका घरावर नाताळचा तारा लावून राहिले होते, एक जण शिडीवर अन् खाली तिघं "डावीकडे बे डावीकडे" करून ओरडत. मले एकदम ११ डिसेंबर २०१३ आठवला. सुप्रीम कोर्टाने कलम ३७७, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम, परत आणलं तो दिवस. २००९ ला दिल्ली हायकोर्टाने दिलेलं साडेचार वर्षांत काढून घेतलं. ऑफिसात बातम्या चालू, बाजूचा हसून हसून जोक मारून राहिला अन् मी एक्सेलमध्ये डोकं घालून बसलो. संध्याकाळी घरी जाववेना म्हणून आमच्या खोलीवर गेलो. चर्चच्या मागची, रविवारी लहान पोरं, दर दुसऱ्या शनिवारी आम्ही. चर्चचं नाव नाही सांगत, तिथली माणसं अजून आहेत. किल्ली मीटरच्या पेटीमागे खिळ्याला. त्या दिवशी बुधवार, तरी नऊ जण आधीच बसलेले, कोणीच बोलत नव्हतं. पाळकीणबाई बाहेर तारा बांधत होत्या. मले पाहून म्हणे "तू उंच आहेस, वायर धर." मी वायर धरून रडून राहिलो तर खालून आवाज, "हलू नको, तारा वाकडा होते!"
बस एवढंच. तुमच्याकडे अशी जागा होती का? चर्चच पाहिजे असं नाही.

भाजी_जळाली: भाऊ, ऑफिसात वाचून राहिले अन् डोळ्यात पाणी. बॉस समोर आहे. नंतर लिहिते.

अजनीचा: बरं आहे तुमचं. मला आमच्या चर्चने बाजूला केलं. कॉयरमध्ये, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांत, होतो १६ वर्षं. कोणी काही बोललं नाही, फक्त नाताळच्या प्रॅक्टिसचा मेसेज यायचा बंद झाला. त्यामुळे "चर्चने जवळ केलं" वाचलं की आधी पोटात गोळाच येतो.

सदरचा पोट्टा: @अजनीचा खरं आहे बावा. आमच्याही मंडळीतले अर्धे लोक त्या शनिवारी मुद्दाम मागच्या बाजूला येत नसत. खोली पाळकांच्या हिमतीवर चालायची, ठरावावर नाही. त्यांची बदली झाली अन् मीटरमागचा खिळाच काढून टाकला.

उपराजधानीकर: थोडा इतिहास, झेलून घ्या. १९६८ च्या ६ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसजवळ ट्रॉय पेरी नावाच्या पाद्र्याने आपल्या घराच्या बैठकीत उपासना घेतली, १२ जण आले. समलिंगी म्हणून त्याला आधीच्या चर्चने काढलं होतं. ते झालं मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च, म्हणजे १९६९ च्या न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल उठावाच्याही आधी. पुढे २४ जून १९७३ ला न्यू ऑर्लिन्समध्ये अपस्टेअर्स लाउंज नावाचा गे बार जळाला, ३२ लोक गेले, त्यात या चर्चचे बरेच. शहरातल्या कित्येक चर्चनी शोकसभेला जागा दिली नाही.
आणि नागपूर या बाबतीत काही कमी नाही हां. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच स्थापन झालं, सहा चर्च एकत्र येऊन. चर्चेसची राष्ट्रीय परिषद, एनसीसीआय, तिचं मुख्यालयही आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये. एड्सच्या कामातून त्यांच्याकडे लैंगिकतेवरही बोलणं सुरू झालं. सगळ्या मंडळ्यांना ते पटलं असं अजिबात नाही.

तर्री_जास्त: १२ जण बैठकीत म्हणजे आमच्या मावशीच्या घरचं हळदीकुंकू 😂

सक्करदऱ्याची: मी तृतीयपंथीयांच्या डेऱ्यावरची. आमची एक चेली सरकारी दवाखान्यात गेली, घरच्यांनी बॉडी घ्यायला नकार दिला. मातीला गुरू अन् आम्ही सात जणी. मग शोकसभा कुठे करायची? हॉलवाले पैसे घेऊनही "नाही" म्हणत होते. शेवटी एका चर्चच्या हॉलमध्ये झाली. ती हिंदू, आम्ही मिक्स, पाळक आधी विचारतात "प्रार्थना केली तर चालेल का?" मले आयुष्यात कोणी असं आधी विचारलं नव्हतं. गुरूंनी मान हलवली. स्टीलच्या ग्लासात चहा अन् पार्लेजी. आम्ही टाळी वाजवायची का नाही म्हणून गोंधळलो, मग वाजवलीच.

अजनीचा: @सक्करदऱ्याची ताई, हे वाचून जरा बरं वाटलं. कॉयरचा राग जात नाही पण.

सक्करदऱ्याची: नको घालवू. आमच्याकडे या गायला, ढोलक आहे.

मिहानवाला: आमचं चर्च वगैरे काही नव्हतं, फुटाळा तलावावर कठड्याला बसायचो. २०१६ ला नागपुरात पहिला प्राइड, म्हणजे आपल्या लोकांचा अभिमान मोर्चा, निघाला तेव्हा तिथलीच पोरं दिसली, अर्ध्यांनी तोंडाला रुमाल. मी पण. मार्चचं ऊन होतं म्हणून रुमाल शोभलाही.

भाजी_जळाली: आले परत. माझा भाऊ असाच, आईला २०१८ ला कळलं, समलिंगी संबंध गुन्हा नाही या सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबरच्या निकालानंतर दोन दिवसांनी. आई म्हणे "कोर्टाने सांगितलं तर मी कोण?" अन् संत्रा बर्फी आणली. चर्चशी काही संबंध नाही, पण लिहायचं होतं.

तर्री_जास्त: कुठली बर्फी ते सांगा, विषय भरकटला तर नीट भरकटू द्या.

सदरचा पोट्टा: @सक्करदऱ्याची ताई, ढोलकवालं खरं का? मी अन् अजनीचा दोघं येतो, रविवारी.

सक्करदऱ्याची: रविवारी नको, सोमवारी या. रविवारी कामं असतात.