चांदणीला निरोप देण्याची वेळ कशी ओळखावी?

प्रश्न

कसबा बावड्यात आमची २४ वर्षांची काठेवाडी घोडी आहे, चांदणी. माझी वरात तिच्याच पाठीवरून निघाली होती. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या पुढच्या दोन्ही खुरांना दाह झाला असून, खुरातले हाड फिरून तळव्याकडे झुकल्याचे एक्स-रेमध्ये दिसले. नालबंदाकडून खूर छाटून घेतले, पागेत वाळूचा जाड थर पसरला, हरभरा आणि गूळ बंद केला, वेदनाशामके चालूच आहेत. तरीही ती पुढचे पाय लांब टाकून सारा भार मागच्या पायांवर घेते आणि दिवसाचा बराच वेळ आडवी असते. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला मोकळे करण्याचा सल्ला दिला आहे. आबांना ते पाप वाटते. सकाळी लसूणघास दिसला की ती अजून खिंकाळते, त्यामुळे माझेही मन होत नाही. वेळ झाली, हे ओळखायचे कसे?

प्रतिसाद १

मी पशुवैद्यक आहे, पण चांदणीला पाहिलेले नाही; तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा मोठा मानावा. घोडा खातो आहे एवढ्यावरून त्याची वेदना सोसण्याजोगी आहे असे समजू नये, कारण शिकारीच्या भीतीत वाढलेली ही जात दुखणे लपवते आणि पुष्कळ घोडे शेवटच्या दिवसापर्यंत चारा खातात. स्वस्थ उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. औषध चालू असूनही ते सतत त्याच्या वर राहत असतील, तर तिचे शरीर वेदनेशी झगडत आहे. आडवे राहण्याचे तास रोज वहीत लिहा. एवढ्या वजनाचे जनावर फार काळ पडून राहिले की अंगाला जखमा होतात, खालचे स्नायू आणि फुप्फुस दबते. हाड तळवा फोडून बाहेर येईपर्यंत थांबू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आबांना प्रत्यक्ष काय होते ते आधी सांगावे. प्रथम गुंगीचे औषध दिले जाते, मग मानेच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. घोडी उभी असली तर कोसळते, म्हणून मऊ, मोकळी जागा निवडावी आणि घरच्यांनी डॉक्टर सांगतील तिथेच थांबावे. डोळे उघडेच राहतात, क्वचित नंतर एक-दोन श्वासांसारखे आचके येतात. तेव्हा तिला काहीही जाणवत नसते. हे ठाऊक नसले, तर तेवढे एक दृश्य माणसाला वर्षानुवर्षे छळते.

प्रतिसाद २

आम्ही ‘अजून आठवडाभर पाहू’ म्हणत राहिलो. एका पावसाळी रात्री आमचा घोडा पडला तो उठलाच नाही, आणि डॉक्टर पोहोचेपर्यंतचे काही तास तो चिखलात पाय झाडत होता. माझ्या वडिलांनाही आधी पापच वाटले होते. त्या रात्रीनंतर त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. तुमच्या हाती अजून शांत सकाळ निवडणे आहे.

प्रतिसाद ३

तिला पुरण्याच्या जागेचा विचार आजच करा. बावड्याची बरीच शेते पंचगंगेच्या पुराखाली जातात. २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते आठवून त्याच्या वरची, विहिरीपासून लांबची जागा घ्या आणि जेसीबी तिथवर पोहोचेल ना, हे पाहा. खड्डा खोल हवा, कारण ते औषध देहात टिकते आणि उकरून खाणाऱ्या कुत्र्या-गिधाडांना त्याने विषबाधा होते. पागेत दुसरा घोडा असेल तर त्याला देहाजवळ जाऊन हुंगू द्या. आमची तट्टाणी तशी हुंगून आल्यावर शोधत फिरली नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ठोके तीन दिवस मोजले, साठच्या खाली आले नाहीत. वही आबांपुढे ठेवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून वरच्या माळावरची जागा त्यांनी स्वतः दाखवली. डॉक्टर गुरुवारी सकाळी येत आहेत. तोवर तिचा खरारा आबाच करणार आहेत.